सुपारी कातरेपर्यंत

५ जानेवारी २०२६, सोमवार

बटणाला कुलूप! इतक्या वर्षांत लोकांनी मला काय काय बसवायला सांगितलं, पण बटणाला कुलूप बसवा असं आज पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी कल्याणरावांचा फोन. मक्याच्या बियाण्याचा प्लांट आहे ना एमआयडीसीत, त्याचे मॅनेजर. येऊन दोन वर्षं झाली. माणूस कडक, पण मनाचा खोटा नाही. म्हणाले, भुजंग एका शिफ्टमध्ये अकरा-अकरा वेळा उजवी लाइन बंद करतो. नवीन रेकॉर्डर घेतलाय त्यांनी, कुठलं बटण कधी दाबलं ते सेकंदासकट उमटतं त्यात. आणि कॅमेऱ्यात काय दिसलं? भुजंग बटण दाबतो, खिशातून अडकित्ता काढतो, सुपारी कातरतो, मग लाइन चालू!

"गयासभाई, सुपारीसाठी प्लांट थांबवणारा ऑपरेटर पाह्यला का कुठं?"

मी म्हटलं, चहासाठी एसटी थांबवणारे तर रोज पाहतो. हसले नाहीत. म्हणजे मामला पक्का. एकतीस तारखेला भुजंगला घरी बसवणार. तोपर्यंत बंद करायच्या बटणाला कुलूप, चावी मॅनेजरकडे.

पॅनल माझंच आहे तिथलं. अंबडला मोटारी रिवाइंड करणाऱ्या गयासोद्दीनचं पहिलं मोठं पॅनल! दार बंद असलं तरी आत कुठला रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, टकटकला ते मी अजून बाहेरून सांगतो. लोक म्हणतात, गयासभाईच्या कानात मीटर बसवलाय. म्हणू द्या. कुठल्या कॉलेजनं नाही दिला, आपला आपण बसवून घेतलाय.


६ जानेवारी, मंगळवार

प्लांटवर जाऊन आलो. हवेत गारठा, पत्र्याखाली तर जास्तच. मक्याचा मोठा दाणा डाव्या लाइनीनं येतो, बारीक दाणा उजव्या लाइनीनं. पुढे दोघींना मिळून वजनाचा काटा एक आणि औषध चोळायचा ड्रम एक. बाकी दहा वर्षांपूर्वी होतं तसंच सगळं. पॅनलवरचा माझ्या हातचा रंगसुद्धा!

भुजंग तिथेच, पॅनलसमोरच्या लोखंडी स्टुलावर. मी मुद्दाम कुलपाचं बोललो. वाटलं रागवेल, नाही तर हात जोडेल. दोन्ही नाही.

"बसवा की भाई. साहेबाच्या मनात हाय तं बसवा."

आणि वर मलाच सुपारी दिली, कागदात गुंडाळून! काय कातरतो — पाकळ्या पडाव्यात इतकी पातळ. हसला तेव्हा पाहिलं, दात पांढरेशुभ्र. माझ्याहून तीनच वर्षांनी लहान, आणि माझे दात पहा. नशीब एकेकाचं.

रेकॉर्डरवाल्या कंपनीची एक इंजिनिअर आली आहे, प्रियदर्शनी. मी म्हटलं पुण्याची असेल, इंग्रजीत बोलेल. तर मला विचारते, "चाचा, वाटूर फाट्यावरचे भजे खाल्ले का कधी?" वाटूरचीच निघाली! बाप शेती करतो, हिनं अशाच विषयात मोठी डिग्री घेतली आहे. विषय काय, विचारलं. म्हणाली, काही गोष्टी हळूहळू बदलतात, जसं पाणी तापणं. काही एका झटक्यात बदलतात — बटण दाबलं, दार उघडलं, गोणी भरली. या झटक्यांचा हिशेब लावायचा. कुठल्या झटक्यानंतर कुठला आला तर चालतं आणि कुठला आला तर घोटाळा होतो.

मी म्हटलं, बेटा, हे तर मी चाळीस वर्षं कानानं करतोय. याला डिग्री मिळते हे कुणी सांगितलं नाही मला.


७ जानेवारी, बुधवार

कुलपाचा स्विच मागवला. दुकानदार विचारतो, कशाला हवाय? म्हटलं, सुपारीवर बंदोबस्त.


८ जानेवारी, गुरुवार

आज मजा झाली. म्हणजे माझ्यासाठी मजा, कल्याणरावांसाठी नाही.

भुजंग शहागडला गेलाय, पुतण्याच्या लग्नाला. तो सुट्टीवर असला की एकच लाइन चालवायची, ही तिथली जुनी रीत. का, ते कुणाला माहीत नाही. कल्याणराव म्हणाले, आज दोन्ही चालवा. सुपारी नाही, थांबणं नाही, बघू किती माल निघतो.

साडेनऊला प्लांट गप्प. लाल दिवा नाही, भोंगा नाही, मोटर जळाल्याचा वास नाही. नुसता उभा! काट्यात मोठा दाणा भरून बसलेला, ड्रमात बारीक दाण्याचं औषध फिरत बसलेलं. काट्यातला दाणा ड्रमात जाईना, आणि ड्रमाला हवा तो दाणा काट्यावर येईना. दोन्ही हातानं उपसून पुन्हा चालू करायला तासभर गेला. बाराला पुन्हा तेच. चारला पुन्हा! गोणी शिवणाऱ्या सात बाया भिंतीला टेकून बसल्या. त्यांची म्होरकी झुंबरबाई, तोंडाची भारी तिखट. साहेब ऐकतील अशा बेतानं म्हणाली, आज सुपारी न्हाई तं बघा कशी धाव घेऊन राह्यली मशीन.

कल्याणरावांचा चेहरा लाल. म्हणाले, जाता जाता काही तरी करून गेला तो. वायर ढिली केली असेल. गयासभाई, शोधून काढा. सापडलं तर एकतीस तारखेचीही वाट बघत नाही, पोलिसात देतो.

मी पॅनल उघडून पाहिलं. एकही वायर ढिली नाही. सगळं जसं मी ठेवलं होतं तसंच.

घरी येताना हसू आटलं होतं. नोकरी जाणं वेगळं, चोर ठरणं वेगळं.


९ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज आटोपून प्लांटवर गेलो, तर प्रियदर्शनी खडूनं फरशीवर गोल काढून राह्यली होती! बारा-पंधरा गोल, मध्ये आडव्या रेघा, रेघांना बाण. बाया भोवती उभ्या. लहानपणी आम्ही असलं काही काढून कवड्या खेळायचो.

म्हणाली, चाचा, प्लांट कागदावर मांडायची ही एक पद्धत आहे. गोल म्हणजे स्थिती — काटा मोकळा, ड्रम मोकळा, डावी थांबलीय, उजवी थांबलीय. मक्याचा दाणा ज्या गोलात, ती गोष्ट आत्ता खरी. रेघ म्हणजे झटका. रेघेच्या अलीकडच्या सगळ्या गोलांत दाणा असला तरच झटका बसणार, मग दाणे उचलून पलीकडच्या गोलांत ठेवायचे. बस, एवढाच खेळ.

डावी मी झालो, उजवी झुंबरबाई. नियम असे: मी आधी काटा धरायचा, मग ड्रम मागायचा. झुंबरबाईनं आधी ड्रम धरायचा, मग काटा मागायचा, कारण बारीक दाण्याला औषध जास्त लागतं आणि ते ड्रमात आधी सोडावं लागतं. मी खेळलो, झालं. ती खेळली, झालं. चार डाव मस्त झाले. मग प्रियदर्शनी म्हणाली, आता दोघं एकदम.

मी काट्याचा दाणा उचलला. झुंबरबाईनं ड्रमाचा. आणि संपलं! पटावर दाणे आहेत, पण एकही हलवता येईना. मी तिच्या हाताकडे बघतोय, ती माझ्या.

"आमच्या दोघी जावांचं असंच झाल्तं," झुंबरबाई म्हणाली. "तवा तिनं धरला, चूल मी. पोरं उपाशी."

सगळ्या बाया हसल्या. प्रियदर्शनीनं ते वहीत लिहून घेतलं. पुस्तकात इतकं सोपं करून दिलं नव्हतं, म्हणते.

मी विचारलं, बेटा, यावर इलाज काय? म्हणाली, वर एक राखणदार बसवायचा. तो मशीन चालवत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट — 'आत्ता नको' म्हणणं. तेही कमीत कमी वेळा. गरज नसताना नको म्हटलं तर माल घटतो, गरज असताना राहिलं तर हे असं.

'आत्ता नको.' घरी येईपर्यंत तेच डोक्यात. असं म्हणणारा कोणी तरी मी पाहिलाय, पण कुठे?


१० जानेवारी, शनिवार

कुठे ते कळलं! तिथेच, लोखंडी स्टुलावर.

भुजंग आज परत आला. कालपरवाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही सांगितलं. त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो, डोळे मिटले आणि कान लावले. पॅनलात आवाज यायला लागले. टक, डावीनं काटा धरला. टक, तिला ड्रम मिळाला. थोड्या वेळानं उजवीचं तसंच. टक, टक. एकामागे एक, शाळेतल्या पोरांसारखे. असं पंचवीस मिनिटं.

मग एकदम दोन टक एकात एक! मी डोळे उघडेपर्यंत भुजंगचा अंगठा उजवीच्या बटणावर होता. उजवीनं ड्रम सोडला, औषध पडायच्या आत. डावीला ड्रम मिळाला. भुजंगनं अडकित्ता काढला. एक सुपारी कातरून होईपर्यंत काट्यातला दाणा ड्रमातून फिरून पुढे गेला, आणि त्यानं उजवी चालू केली. वर पाहायची गरजही नाही त्याला.

सुपारी हे त्याचं घड्याळ आहे!

प्रियदर्शनीला हाक मारली. तिनं लॅपटॉपवर दोन महिन्यांचा रेकॉर्ड काढला आणि एकेक बटण ताडून पाहिलं. जेवायची सुट्टी गेली तिची. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चाचा, पाचशेच्या वर वेळा थांबवलंय यांनी. त्या प्रत्येक वेळी दोन्ही लाइनींनी एकाच सेकंदात मागणी केली होती. उगीच थांबवलं असं एकदाही नाही. आणि हे कामावर असताना थांबवायचं राहिलं असंही एकदाही नाही."

मला काय आनंद झाला! भुजंग वाचला. कल्याणराव बाहेर गेलेत, सोमवारी येतील, तेव्हा सांगू.

निघताना पोरगी म्हणाली, पण चाचा, असं कसं? डावी मागत असताना उजवीनं थांबायचं, एवढा साधा रिले कुणीही बसवेल. तुमच्या पॅनलात तो आहेसुद्धा. मग तो काम का करत नाही?

म्हटलं, बघतो.


११ जानेवारी, रविवार

बघितलं. बघितलं नसतं तर बरं होतं.

पेटीतून पॅनलच्या वायरिंगचा जुना नकाशा काढला, माझ्या हातचा. रिले आहे, पण त्याच्यावरून लाल पेननं एक वायर ओढली आहे. तीन इंची वायर. त्या वायरीनं रिले असून नसल्यासारखा झाला. बाजूला माझंच अक्षर: 'मार्च २०१६. भुजंगच्या सांगण्यावरून. दोन्ही बराबर.'

आठवलं. बारीक दाणा खाली सांडत होता. भुजंग मशीनच्या गोंगाटात ओरडून म्हणाला होता, दोन्ही लाइनी बराबर सुटल्या पाहिजेत. मी म्हटलं, एवढंच ना? झडप आवळली, वायर टाकली, दोन्ही एकदम सुटायला लागल्या. सांडणं थांबलं. मी खुशीत घरी.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा हायसंच वाटलं. म्हणजे त्याचंच सांगणं! त्यानंच मागितलं, त्यानंच भोगलं. माझा काय दोष?

तेवढ्यात बायको, सरदारबी, आतून ओरडली, "अजी, चश्मा बराबर रखो. पिछले बार भी ऐसाइच रखे थे, गिरा."

चष्मा हातातच राहिला. बराबर रखो. दोन चष्मे थोडेच आहेत एकदम ठेवायला? बराबर म्हणजे नीट. आमच्या इकडे बराबर म्हणजे एकदम, आणि बराबर म्हणजे नीटही. दिवसातून पन्नास वेळा मी स्वतः म्हणतो. भुजंग म्हणाला नीट सोडा, आणि कानात मीटर असलेल्या गयासभाईनं ऐकलं, एकदम सोडा!

दाणा सांडायचा थांबला तो झडपेनं. वायरीनं फक्त घोटाळा घातला. दहा वर्षं.

सरदारबी विचारते, काय झालं, तोंड का उतरलं? म्हटलं, कुछ नहीं. तिला मराठी वाचता येत नाही, हे या वहीचं सुख.


१२ जानेवारी, सोमवार

सकाळी वायर काढली. दोन मिनिटांचं काम. दिवसभर दोन्ही लाइनी चालल्या. भुजंगला एकदाही बटण दाबावं लागलं नाही. बिचारा दिवसभर पॅनलकडे बघत बसला, अडकित्ता मांडीवर.

कल्याणराव खूश. पाठीवर थाप मारली. म्हणाले, नवीन प्लांट उभा राहून राह्यला शेजारी, चार लाइनी, तीन ड्रम. त्याचं पॅनल तुमचं, दुसऱ्या कुणाला विचारत नाही. इतकी वर्षं वाट पाहिली असं काम दारात येण्याची! मी म्हटलं, आणि भुजंगनं काही बिघडवलं नव्हतं बरं का, उलट तोच सांभाळत होता. प्रियदर्शनीनं रेकॉर्ड दाखवला. त्यांनी मन लावून पाहिला. पोलिसाचा विषय संपला.

मग म्हणाले, "पण आता तं रिलेच सांभाळून राह्यला. मंग भुजंगचं काम काय? एकतीस तारीख बराबर हाय."

बराबर हाय! हा शब्द माझा जीव घेणार.

मी बिघाड दुरुस्त केला, आणि त्याचीच नोकरी घालवली. वायर कुणी टाकली होती हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नकाशा माझ्याच पेटीत आहे.


१३ जानेवारी, मंगळवार

काम नाही केलं. कल्याणरावांनी हुरडा पाठवला. गोड होता म्हणे, सगळा सरदारबीनंच खाल्ला.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. झुंबरबाईनं गेटवरच तिळगूळ हातावर ठेवला. म्हटलं, बाई, आज गोड बोलायला जमेल असं वाटत नाही.

नकाशा घेऊन सरळ कल्याणरावांच्या केबिनमध्ये. भुजंगलाही बोलावून घेतलं, प्रियदर्शनी होतीच. टेबलावर पसरला, लाल वायरीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे अक्षर माझं. चूक माझी. यानं सांगितलं एक, मी ऐकलं दुसरं. दहा वर्षं माझी चूक हा अंगठ्यानं निस्तरत राहिला, आणि तुम्ही त्याला कामचुकार ठरवलं. आता नवीन पॅनल मला द्या नाही तर नका देऊ. पण मी बनवणार असेन तर भुजंग माझ्या शेजारी बसेल.

बाहेर टक, टक ऐकू येत होतं.

मी भुजंगकडे वळलो. अरे बाबा, दोन्ही एकदम सुटून राह्यल्या, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

"सांगितल्तं की भाई. तुम्ही पाना पेटीत टाकत व्हते. मी म्हणलं, दोन्ही एकदमच सुटून राह्यल्या. तुम्ही म्हणले, बराबर हाय."

"मंग?"

"मंग काय? एवढा मोठा मिस्तरी बराबर म्हणून राह्यला, तं असंल काही. मी माझं बघून घेतलं."

मी नकाशावरचं 'दोन्ही बराबर' पुन्हा वाचलं. मग प्रियदर्शनी जे बोलली ते मी इथे नीट लिहून ठेवतो. म्हणाली, सर, दोन लाइनींचा प्लांट फरशीवर मावला. चार लाइनींचे डाव हजारांवर जातील. काय काय घडू शकतं, ते सगळं कॉम्प्युटर मोजून देईल. पण त्यातलं काय घडायला नको, ते त्याला कुणी तरी सांगावं लागतं. ते मला येत नाही, चाचांना अर्धं येतं, यांना पूर्ण येतं.

अर्धं! बरं, अर्धं तर अर्धं.

कल्याणरावांनी नकाशा स्वतःकडे ओढून पाहिला. मग म्हणाले, ठीक आहे, भुजंग राहील. नवीन प्लांटवर, तुम्हा दोघांसोबत. पण एक गोष्ट. कामाच्या जागी सुपारी खायची नाही हा कंपनीचा नियम आहे, आणि कॅमेऱ्यातलं सगळं वर हेड ऑफिसला गेलंय. त्यांचं तोंड बंद करायला काही तरी पाहिजे. सुपारी सोडतो असं त्यानं लेखी द्यावं. शुक्रवारपर्यंत.

एवढंच ना? मी म्हटलं, देईल की. भुजंग उठून आपल्या स्टुलाकडे गेला.


१५ जानेवारी, गुरुवार

कागद मीच लिहिला, बराबर अक्षरात. 'कामावर सुपारी खाण्याची माझी सवय मी आजपासून सोडत आहे.' भुजंगनं दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाला, उद्या बघू. एका सुपारीसाठी नोकरी घालवतो की काय हा माणूस!


१६ जानेवारी, शुक्रवार

भुजंगनं सही केली नाही. कल्याणरावांसमोर कागद ठेवला आणि म्हणाला, "खोटं कसं लिहून देऊ साहेब? खातच न्हाई, तं सोडू काय?"

झुंबरबाई दारातच उभी होती. आत आली, कमरेची पिशवी सोडली आणि टेबलावर उपडी केली. कातरलेली सुपारी, ढीगभर. "ही आमची. सात जणीला रोज वाटून देतो. त्याला तं घशाला लागती, पहिल्यापासून."

कल्याणरावांनी कागद फाडला. सोमवारपासून नव्या प्लांटवर या म्हणाले, त्याला आणि मला.

इतके दिवस मी त्याच्या अडकित्त्याचा आवाज ऐकला. चावल्याचा एकदाही ऐकला नव्हता.